शोभे, पाणी थांबलं नव्हतं

शोभे, आपलं भांडण अजून मिटलेलं नाही आणि तू मधूनच उठून गेलीस. हे तुझ्या स्वभावाला धरून झालं नाही. वाद अर्धा टाकून तू कधी जेवायलासुद्धा उठली नव्हतीस. डबा उघडा, भाकरी वाळत चाललेली, आणि तू टेबलावर बोट आपटत मला पटवतेयस की मी कशी चूक आहे.

तू गेल्यापासून मी तुझ्याबद्दल फक्त चांगलं ऐकतेय. ‘लय हसतमुख होती,’ असं तुझ्या दारातल्या मांडवात कुणीतरी म्हणालं. मी दचकून बघितलं, म्हटलं आपण चुकीच्या घरी तर आलो नाही ना. हसतमुख आणि तू? तुझ्या कपाळावरची आठी बघून आपल्या वर्कशॉपचा पोस्टमन टपाल उंबऱ्यावरच टाकून पळायचा. मग आणखी कुणीतरी म्हणालं, ‘शांत झोपल्यासारखी दिसत होती.’ तेव्हा मात्र मी उठून परसात गेले. झोप म्हणजे काय, हे आपण दोघींनी इतके महिने घासून घासून बघितलं होतं. झोपवताना उठवायची तरतूद आधी करून ठेवावी लागते. ती नसेल तर त्याला झोप म्हणायचं नाही. हे तुझंच वाक्य.

आपला वाद काय होता ते इथं सरळ लिहिते. नाहीतर लोकांना वाटेल, दोघी मैत्रिणी साडीवरून भांडत होत्या.

कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला आपण कर्नल म्हणतो, तो बॅटरी वाचवायची असली की सगळ्या यंत्राला झोपवतो. आधी प्रत्येक भागाला निरोप देतो, की आवरा, आता वीज बंद होणार. तुझं म्हणणं असं, की निरोप आला की प्रत्येकानं झोपायचं. नाही म्हणायचा हक्क कुणालाच द्यायचा नाही. माझं म्हणणं, ज्याच्या हातात काम अर्धवट आहे त्याला ‘मी आत्ता झोपणार नाही’ असं म्हणता आलं पाहिजे.

‘आसं एकेकाचं ऐकत बसलं तर बॅटरी संपंल,’ तू म्हणायचीस. ‘मग समदेच मरतील.’

‘आणि ज्याचं काम मधेच तोडलं, तो उठल्यावर नीट उठेल याची हमी कोण देणार?’

‘ड्रायव्हर लिहिनारी देनार. म्हंजी तू न् मी.’

ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या एकेका भागाशी बोलणारा प्रोग्राम. आठवतंय ना? त्या हमीचं काय झालं तेही आठवत असेल.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं, टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर आपलं वर्कशॉप. खालून जळक्या रबराचा वास, आणि वर सरांचं स्वप्न. सर म्हणजे आपले कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. नोकरीत असताना जे करता आलं नाही ते सगळं त्यांना आता करायचं होतं. हळदीच्या काही व्यापाऱ्यांनी त्यांना विचारलं, की वरच्या अंगाला पुलापाशी नदी किती चढली हे आम्हाला इथं बसून कळेल असं काही बनवाल का? त्यांची पेवं हरिपूरच्या बाजूला, नदीकडच्या सखल पट्ट्यात होती. जमिनीत खोल खणलेली, आत घागरीसारखी फुगलेली, तोंड अरुंद. त्यात हळद भरायची, वर फरशी टाकून मातीनं लिंपायचं. वर्षभर हळद आत सुखानं राहते. पण पेव उघडलं की लगेच उतरता येत नाही. आतली हवा मेलेली असते. तोंड उघडं टाकून वाट बघायची, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझणार. म्हणून पाणी येणार असेल तर ते त्यांना आधी, खूप आधी कळायला हवं होतं.

आपण पेटी बनवली. जुना बोर्ड, त्यावर आपण स्वतः जुळवलेलं मोजणीचं कार्ड, कार्डाला जोडलेली पाण्यात सोडायची नळी, आणि टेलिफोनवरून आकडा कळवायला एक मोडेम. पुलाशेजारी उपसा सिंचनाचं पंपघर होतं, तिथं फोन होता, ती जागा मिळाली. वीज असेल तोवर पेटी जागी. वीज गेली की ट्रकच्या बॅटरीवर. आणि बॅटरीवर असताना पेटी बहुतेक वेळ झोपणार, घड्याळाची चिप तिला ठरल्या वेळी उठवणार, ती पाणी मोजणार, आपल्याला फोन लावणार, परत झोपणार. ते झोपवणं-उठवणं तू आणि मी मिळून लिहिलं. तू एक ओळ लिहायचीस, मी नाक मुरडायचे. मी लिहायचे, तू पुसायचीस.

तपासलंही मिळूनच. नळी बादलीत सोडली, पेटीला झोपवलं, उठवलं. आकडा बरोबर. परत झोपवलं, परत उठवलं. बरोबर. सरांनी त्या दिवशी खालून भजी मागवली.

आता पुराचा दिवस. हे मी तुला सांगायची गरज नाही. पण आपण दोघी त्या दिवसाबद्दल तुकड्यातुकड्यानंच बोललो. सबंध असा तो कधी सांगितलाच नाही एकमेकींना.

पाऊस सगळा घाटाकडं होता. सांगलीत नुसती भुरभुर, रस्ते ओले, माणसं निवांत. सकाळी आकडे चढत होते. मग पुलाकडची वीज गेल्याचं पेटीनं कळवलं, आणि त्यानंतर आकडा स्थिरावला. फोन वाजायचा, मोडेम किंचाळायचं, पडद्यावर आकडा यायचा. तोच. पुन्हा तोच. व्यापाऱ्यांपैकी मगदूम शेठांचा फोन आला, तेव्हा सर खुशीत म्हणाले, ‘थांबलंय पाणी. काळजी नको.’

मी पडद्यापाशी उभी होते. ‘हे बरोबर वाटत नाही,’ मी म्हणाले.

‘धरनातनं सोडलेलं पानी कमी केलंय म्हनून रेडिओवर सांगितलं की,’ तू म्हणालीस.

‘कमी केलं तर उतरेल. नाहीतर चढेल. नदी अशी भिंतीसारखी उभी राहते का? शेवटचा अंकसुद्धा हलत नाही, शोभा. वाऱ्यानं लाट आली तरी तो हलायला हवा.’

तू वाद घालायला तोंड उघडलंस आणि तसंच ठेवलंस. पडद्याकडं बघितलंस. मग कोपऱ्यात पालथ्या पडलेल्या प्लास्टिकच्या बादलीकडं. तुझा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

‘बादलीतलं पानी कुठं हललं हुतं?’ तू हळू म्हणालीस.

मला कळायला एक क्षण लागला. झोपायच्या आधी बादलीत जेवढं पाणी, उठल्यावरही तेवढंच. पेटीनं उठून नव्यानं मोजलं काय किंवा झोपायच्या आधीचा आकडा तसाच पुढं केला काय, आपल्याला फरक दिसणारच नव्हता.

मी म्हणाले, शेठांना आधी फोन कर. तू म्हणालीस, ‘काय सांगू? आकडा खोटा हाय? मंग खरा कंचा, आसं इचारलं तर? बघूनच सांगू.’ सर म्हणत होते, घाई करू नका, घबराट होईल. तू किल्ली उचललीस आणि जिन्यावरून धाडधाड उतरलीस.

हा आपला दुसरा वाद. तो आपण कधी घातलाच नाही. फोन आधी करायला हवा होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण शेठांनी दोन पोरींच्या शंकेवर पेवं उघडली असती का? तुझं बरोबर असेल. माझंही बरोबर असेल. आता या वादात दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागणार, आणि त्यात काही राम नाही.

तुझ्या एम-एटी मोपेडवर आपण निघालो. दोन्हीकडं ऊस, मधून काळा रस्ता. ओढ्यावरच्या फरशीवर पाणी वाहायला लागलं होतं. तू वेग कमी केला नाहीस, पाय तेवढे वर घेतलेस आणि ओरडलीस, ‘धर मला!’ मी तुझ्या रेनकोटाला इतकी घट्ट धरून होते की त्याचं एक बटण माझ्या मुठीत आलं.

पुलाच्या अलीकडं माणसं गोळा झालेली. एक म्हातारबाबा काठीनं आपल्याला अडवत म्हणाले, ‘म्हागारी फिरा पोरींनो, सकाळधरनं चढतंय. थांबायचं नाव न्हाई.’

सकाळपासून.

पंपघराच्या पायरीवरून पाणी आत शिरलं होतं. आत अंधार, ओल्या सिमेंटचा वास, आणि कोपऱ्यात उंच फळीवर आपली पेटी. आपण आत पाऊल टाकलं आणि नेमकं तेव्हाच तिचं घड्याळ वाजलं असणार. रिलेचा खटका टकटकला. हिरवा दिवा लागला. मोडेमनं फोन लावला, किंचाळलं. पाणी आपल्या घोट्याशी होतं. आणि त्या पेटीनं, आपण दोघींनी लिहिलेल्या त्या पेटीनं, आपल्यासमोर सांगलीला तोच जुना आकडा कळवला, दिवा मालवला आणि झोपली.

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती बिघडली असती, धूर आला असता, तर बरं वाटलं असतं. ती तर अगदी शहाण्यासारखी वागत होती.

तू फोनची वायर मोडेममधून उपटून टेलिफोनच्या यंत्रात घातलीस आणि शेठांना लावला. तुझं बोलणं मला शब्दनशब्द आठवतं.

‘शेठ, शोभा बोलतेय. पुलावरनं. पानी चढतंय. सकाळपासनं चढतंय. पेवं उघडा.’

पलीकडून काय बोलले ते मला ऐकू येत नव्हतं, पण तुझ्या उत्तरांवरून कळत होतं.

‘व्हय, मशीन तसंच म्हनतंय. मशीन चुकलंय… न्हाई शेठ, मशीन झोपंतनं नीट उठलंच न्हाई… आवं, मशीनचं ऐकताय का माझं? मी पान्यात हुबी हाय!’

शेवटचं वाक्य तू इतक्या जोरात ओरडलीस की बाहेरचे म्हातारबाबा दारात आले.

आपण परत निघालो. पेटी रेक्झिनच्या पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. वर्कशॉपकडं वळायच्या रस्त्याला तू वळली नाहीस, सरळ पेवांकडं गेलीस. ‘आता त्ये घाई करतील,’ एवढंच म्हणालीस.

तसंच झालं होतं. पेवं सकाळीच उघडली असती तर हवा खेळून ती आतापर्यंत रिकामी झाली असती. आता सगळी एकदम उघडली होती. नदी अजून गल्लीत आली नव्हती, पण खालच्या शेतात चकाकत होती. हमाल पाट्या घेऊन धावत होते, सगळीकडं पिवळी धूळ आणि चिखल, आणि मुकादम सगळ्यांच्या नावानं ओरडत होता. नदीच्या बाजूच्या शेवटच्या पेवापाशी दत्तू नावाचा हमाल उतरायच्या तयारीत होता. वयानं आपल्याएवढाच. दोरीला कंदील बांधून आत सोडला होता. तू वाकून बघितलंस.

‘इझला,’ तू म्हणालीस. ‘उतरायचं न्हाई.’

‘ताई, तुमी बाजूला व्हा,’ मुकादम म्हणाला. ‘पानी दारात आलंय.’

‘येऊ दे. हळद भिजंल. ह्यो मेला तर?’

दत्तू मुकादमाकडं बघत होता. मग तुझ्याकडं बघून ओशाळं हसला. ‘लय खेपा उतरलोय ताई. दम धरून जातो, पाटी भरतो, येतो.’

तू त्याच्याशी वाद घालत बसली नाहीस. तिथला जाड सोल उचललास आणि मुकादमाच्या अंगावर धावून गेल्यासारखी पुढं होऊन दत्तूच्या काखेखालून तो दोनदा गुंडाळलास. गाठ आवळलीस, ओढून बघितलीस. तो म्हणाला, दोरी नको, अडकते. तू म्हणालीस, ‘गप.’

तो उतरला. एक पाटी वर आली. मग मुकादमानं हाक मारली आणि उत्तर आलं नाही.

पुन्हा हाक. आतून काहीच नाही.

दत्तूचा भाऊ शेजारच्याच पेवावर होता. तो धावत आला आणि थेट आत उडी टाकायला निघाला. तू त्याच्या कमरेला मिठी मारलीस. दोघं चिखलात पडलात. ‘तू गेलास तर दोघंबी ऱ्हातील आत! सोल वढा! वढा सोल!’ चौघांनी सोल ओढायला घेतला. जड, मग हलका, मग गच्च. तोंड अरुंद, आणि दत्तूचा खांदा आतल्या कडेला अडकलेला. जोर लावावा तर हाड मोडेल, थांबावं तर श्वास नाही.

तू मला म्हणालीस, ‘पाय धर.’

मी काही विचारलं नाही. तू पालथी पडलीस, एक मोठा श्वास घेतलास आणि कमरेपर्यंत त्या तोंडातून आत गेलीस. मी तुझे दोन्ही घोटे छातीशी धरले. चिखलानं ते निसटत होते. तुझं शरीर आत काहीतरी करत होतं, वळत होतं, ढकलत होतं. मी मोठ्यानं तुझं नाव घेत होते असं नंतर मला लोकांनी सांगितलं. मला फक्त तुझे पाय आठवतात. ते ढिले पडतायत का, एवढंच मी बघत होते.

मग तू लाथ मारलीस. मी ओढलं. तू बाहेर आलीस, पिवळी, डोळे मिटलेले, खोकत, आणि हातानं खूण केलीस, वढा. चौघांनी ओढलं आणि दत्तू फरशीवर आला.

त्याचा चेहरा निळा होता. धावत आलेले शेठ स्वतः गुडघ्यावर बसून त्याच्या छातीवर दाबत होते. कुणीतरी तोंडानं हवा भरत होतं. आपण दोघी भिंतीला टेकून. तू माझा हात धरला नव्हतास, मी तुझा धरला नव्हता. नंतर बघितलं तर बोटं एकमेकांत रुतलेली होती. दत्तू खोकला. पिवळं काहीतरी ओकला. आणि शिवी दिली. शोभे, त्या शिवीएवढं गोड माझ्या कानांनी कधी काही ऐकलेलं नाही.

दोन पेवांतली हळद गेली. माणूस राहिला.

त्यानंतरच्या दिवसांत आपण दोन बादल्या घेतल्या, एक अर्धी, एक काठोकाठ. पेटीला झोपवलं, झोपेत असताना नळी एका बादलीतून दुसरीत टाकली, उठवलं. आकडा जुना. तिथून मग एकेक धागा उकलला. वीज गेली की मोजणीचं कार्ड सगळं विसरतं. त्याच्या नोंदी कोऱ्या होतात. उठल्यावर ड्रायव्हरनं, म्हणजे त्या कार्डाशी बोलणाऱ्या प्रोग्रामनं, त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा शिकवायचं असतं. आपला ड्रायव्हर ‘मी तयार’ म्हणून मोकळा होत होता. कार्ड गप्प. कर्नलनं आकडा मागितला की ड्रायव्हर आपल्या आठवणीतला शेवटचा आकडा पुढं करत होता. कुठं चूक नाही, कुठं इशारा नाही. तो काही दडवत नव्हता. मधे वेळ गेला हे त्याला माहीतच नव्हतं.

तू ते बदललंस. मी तपासलं. मी बदललं, तू पुसलंस. शेवटी असं ठरलं, की उठल्याबरोबर जुना आकडा टाकून द्यायचा. आधी वीज देणारा भाग उठेल, मग कार्ड, सगळ्यात शेवटी नळी. नळीला ऊब यायला वेळ द्यायचा. आणि यातलं काहीही उठलं नाही तर शेवटचा आकडा द्यायचा नाही, ‘माहीत नाही’ असं कळवायचं. सरांना ते रुचलं नाही. ‘व्यापाऱ्याला आपण माहीत नाही असं सांगायचं?’ ते म्हणाले. तू म्हणालीस, ‘सर, त्ये सांगितलं आसतं तर शेठांनी गडी धाडून नदी बघितली आसती.’

शेठ वर्कशॉपला आले तेव्हा सरांनी सुरुवात केली, की वीज गेल्यामुळं जरा बिघाड… तू मधेच बोललीस. ‘वीज गेल्यावर चालावं म्हनूनच बसवलं हुतं, शेठ. आमचं चुकलं. दोघींचं.’ ‘दोघींचं’ म्हणताना माझ्याकडं बघितलंही नाहीस, मला विचारलंही नाहीस. मला राग आला नाही. उलट कुणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसवल्यासारखं वाटलं.

खुर्चीवरून आठवलं. मी पहिल्यांदा तुझ्या गावी आले होते, मलकापूरच्या पलीकडं, तेव्हा जेवायच्या वेळी तुझ्या चुलत्यांनी मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. ताटं वाढणारे हात जरा थबकले. तू तुझं ताट उचललंस, ‘सर की जरा,’ म्हणालीस आणि माझ्या ताटातली भाकरी तोडून खायला लागलीस. मिलिटरीतून सुट्टीवर आलेला तुझा भाऊ गालातल्या गालात हसला. मग तुझ्या आईनं दोघींना मिळून भाजी वाढली. त्या गोष्टीवर आपण कधी एक अक्षर बोललो नाही. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर भांडणाऱ्या आपण. मी ‘बरं वाटलं’ म्हणाले असते तर तू कपाळाला आठी घालून ‘कशाबद्दल?’ असं विचारलं असतंस. म्हणून म्हणाले नाही. आज म्हणते. बरं वाटलं.

पेवांच्या प्रसंगानंतर मी तुला कोंडीत पकडायचा एकदा प्रयत्न केला होता. ‘तुझ्या नियमानं तर कुणी नाही म्हणायचंच नाही. मग दत्तूला उतरू नकोस का म्हणालीस?’

‘दत्तू मानूस हाय,’ तू म्हणालीस. ‘कार्डाला बायको-पोरं न्हाईत.’

तू दिवसभर खुशीत होतीस.

वर्कशॉप नंतर बंद पडलं. तू शिरवळच्या कारखान्यात गेलीस, बॅटरीवर चालणारी मोजमापाची यंत्रं बनवायला. पुन्हा तेच काम, झोपवा आणि उठवा. रविवारी एसटीडी बूथवरून तुझा फोन यायचा. बूथवाला मागून घाई करायचा आणि तू त्यालाच दम द्यायचीस. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, ‘प्रज्ञा, आसं एक उदाहरन सापडलंय, तुझं तोंडच बंद व्हईल.’ मी म्हणाले, सांग. तू म्हणालीस, ‘फोनवर न्हाई. तोंड बंद हुताना मला बघायचंय. पुढच्या रविवारी येते.’

हायवेवर जे झालं ते मी इथं लिहिणार नाही.

पण त्या उदाहरणानं माझा पिच्छा सोडलेला नाही. रिक्षात बसले की शोधते, भांडी घासताना शोधते. तुझ्या बाजूनं विचार करून बघते, की कुठला असा भाग असेल ज्यानं नकार दिला आणि सगळंच बुडालं? मला दोन-तीन सुचले. तुझ्या आवाजात बोलून बघितले. प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर आहे. म्हणजे ते तुझं उदाहरण नव्हे. तू म्हणाली होतीस ना, तोंड बंद होईल. तू उगाच बोलत नव्हतीस. या जगात कुठंतरी एक असा मुद्दा आहे ज्यानं मी हरते, आणि तो आता मला कुणी सांगणार नाही. मी जिंकले असं होत नाही यानं. हा सगळ्यात वाईट निकाल आहे, शोभे. मला तू रागावून, बोट आपटून हरवायला हवी होतीस.

परवा तुझ्या घरी परत गेले. पै-पाहुणे पांगले होते. तुझी आई सोप्यात एकटीच शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसले, मीही फोडायला लागले. मग त्या म्हणाल्या, ‘प्रज्ञा, शोभी नेमकं काम काय करायची गं? समदी इचारत्यात. मी म्हनते कांपुटर. पर कांपुटरात काय?’

तू त्यांना कधी सांगितलंच नव्हतंस. ‘तुला कळायचं न्हाई,’ असं म्हणाली असशील. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

मी सांगायला लागले. यंत्राला झोपवतात, बॅटरी वाचावी म्हणून. झोपायच्या आधी प्रत्येकाला आवरायला सांगतात. उठल्यावर एकदम सगळ्यांना हाक मारून चालत नाही, क्रम असतो. जो भाग दुसऱ्याच्या जिवावर चालतो त्यानं आधी झोपायचं आणि मागून उठायचं. आणि उठल्यावर कालचं खरं धरायचं नाही, नव्यानं बघायचं.

त्या शेंग हातात धरून ऐकत होत्या. ‘हिरीवरच्या मोटारीवानी,’ त्या म्हणाल्या. ‘बंद करताना आदी स्टार्टर, मंग मेन. चालू करताना आदी मेन.’

‘व्हय आई. तसंच.’

‘आन् ह्ये ती लिवायची?’

‘ती लिहायची. चांगलं लिहायची. मी जे जे बघितलंय त्यात सगळ्यात चांगलं.’

त्यांनी सूप बाजूला सारलं, उठल्या, दारात गेल्या आणि समोरच्या घरातल्या बाईला हाक मारली. ‘आगं ये हिकडं. इचारत हुतीस न्हवं, आमची शोभी काय करायची? ये, सांगते.’

ती बाई पदर खोचत आली. आणखी एक मागून आली. तुझी आई उंबऱ्यावर बसली आणि सांगायला लागली, की मशीन कसं झोपतं, त्याला कोण उठवतं, आधी कोण, मग कोण. अर्धं बरोबर सांगत होत्या, अर्धं चुकत होत्या. एका ठिकाणी तर सगळा क्रमच उलटा केला. तू असतीस तर तिथल्या तिथं टोकलं असतंस.

मी टोकलं नाही. दोघी बायका तोंडावर पदर धरून ऐकत होत्या, आणि तुझी आई तुझं काम सांगत होती.